पावसाळा लागला की बॅग फिल्टर का बसतो? चिमणीतून राख येत असेल तर क्रमाने काय तपासावं

हे लिखाण ब्रिकेटवर (भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर) चालणाऱ्या छोट्या बॉयलरांसाठी आहे. तासाला दोन ते पाच टन वाफ देणारा बॉयलर, मागे जाड राख फिरवून खाली पाडणारा सायक्लोन, त्याच्यामागे पल्स-जेट बॅग फिल्टर (कापडी बॅगांतून धूर गाळणारा आणि हवेच्या ठोक्यांनी, म्हणजे पल्सिंगने, त्या झाडणारा), मग धूर ओढणारा आयडी फॅन आणि चिमणी. गोव्यात कुंडई, मडकई, बेतोड्यापासून वर होंडा-पिसुर्ल्यापर्यंत ही मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते. तिची दुरुस्ती हेच माझं काम. जूनमध्ये पावसाने जोर धरला की फोन सुरू होतात आणि समोरचा माणूस एकच वाक्य बोलतो: "बॅगा गेल्या, नवीन सेट सांगा."

बहुतेक ठिकाणी बॅगा गेलेल्या नसतात. ओली हवा, गळकं दार किंवा भरलेला हॉपर (राख पडते तो फिल्टरखालचा नरसाळ्यासारखा भाग) यांचं खापर बॅगांवर फुटतं. नवीन सेट घातला की महिना-दीड महिना चिमणी स्वच्छ दिसते, मग गणेश चवथीची सुट्टी संपून प्लांट चालू होतो आणि पुन्हा तेच. त्यामुळे बॅगांची ऑर्डर द्यायच्या आधी खालचा क्रम पूर्ण करा. सुरुवातीच्या तपासण्यांना खर्च नाही, पुढे पुढे खर्च आणि धोका दोन्ही वाढत जातात.

आधी लक्षणं नीट पाहा

नुसतं "धूर येतो" म्हणून चालत नाही. धुराचा रंग आणि वेळ टिपून ठेवा.

पांढरा धूर चिमणीपासून थोडा वर जाऊन विरून गेला तर ती वाफ. पावसाळ्यात ती जास्तच दिसते, तिच्यामागे धावू नका. करडा किंवा तपकिरी धूर विरत नाही, लांबपर्यंत पट्टा दिसतो, तेव्हा ती राख असते आणि ती फिल्टरची गोष्ट आहे. काळा धूर म्हणजे काजळी, म्हणजे भट्टीत हवा कमी किंवा ब्रिकेट एकदम जास्त टाकली. निळसर-पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर आला तर इंधनात काजूची टरफलं मिसळली आहेत का ते विचारा. यावर पुढे लिहिलं आहे.

वेळेचं बघायचं तर राखेचा झोत दर काही सेकंदांनी, पल्सिंगच्या ठोक्याबरोबर येत असेल तर एखादी बॅग फाटली आहे किंवा सुटली आहे. सतत सारखाच येत असेल तर गळती कुठेतरी स्थिर आहे.

तिसरं लक्षण डीपीचं, म्हणजे बॅगांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकाचं. बरा चाललेला फिल्टर साधारण १०० ते १५० मिलिमीटर वॉटर कॉलमवर राहतो. डीपी २०० च्या वर आणि बॉयलरच्या दारातून धूर उलटा येतोय, तर बॅगा चोकअप आहेत. डीपी ४०-५० वर आणि चिमणीतून राख, तर हवा बॅगांमधून न जाता कुठल्या तरी भोकातून जाते आहे, नाहीतर पल्सिंग गरजेपेक्षा जास्त होतंय. या दोन दिशा अगदी उलट्या आहेत. डीपी न बघता उपाय करणारा माणूस अर्ध्या वेळा चुकीच्या दिशेने जातो.

पहिली तपासणी: लॅबचा रिपोर्ट वाचा

खर्च शून्य, आणि तरीही बहुतेक जण फक्त शेवटच्या रकान्यातला आकडा आणि त्यापुढचा शेरा वाचतात.

पहिली गोष्ट एकक. चिमणीची मर्यादा मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटरमध्ये असते, आणि बाहेरच्या हवेची मायक्रोग्रॅममध्ये. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे बाहेरच्या हवेत २४ तासांच्या सरासरीने पीएम१० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १०० आणि पीएम२.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे) साठी ६० मायक्रोग्रॅम. हे आकडे आणि चिमणीचे आकडे एकाच फायलीत असतात, आणि "आमचं १२० आलं, मर्यादा १०० आहे" असं घाबरून सांगणारे मॅनेजर मला दरवर्षी भेटतात. चिमणीतले १५० मिलिग्रॅम म्हणजे दीड लाख मायक्रोग्रॅम. दोन वेगळी मोजमापं आहेत, तुलना होत नाही.

दुसरी गोष्ट, मर्यादा कुठली लागू आहे. पर्यावरण संरक्षण नियमांखाली बॉयलरसाठी पार्टिक्युलेट मॅटरची, म्हणजे धुरातल्या कणांची, मर्यादा क्षमतेवर ठरते: २ टनांच्या खाली १२००, २ ते १० टनांच्या आत ८००, १० ते १५ च्या आत ६००, आणि १५ टनांपासून पुढे १५० मिलिग्रॅम. सगळे आकडे १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणलेले. पण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तुमच्या कन्सेंट टू ऑपरेटमध्ये (प्लांट चालवायच्या संमतीत) याहून कडक आकडा लिहिला असेल तर तुम्हाला तोच पाळायचा आहे. १९८१ च्या वायू कायद्याच्या कलम २१ खाली मिळालेली ती संमती आहे आणि तिच्यातल्या अटी बंधनकारक आहेत. कन्सेंटची प्रत साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असते आणि बॉयलरवाल्याला मर्यादा माहीतच नसते, हे चित्र बदला. आकडा मोठ्या अक्षरात बॉयलर हाऊसच्या भिंतीवर लावा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: १२ टक्क्यांची दुरुस्ती. मोजलेला आकडा गुणिले १२, भागिले मोजलेला कार्बन डायऑक्साइड. समजा मोजमाप १६० आलं आणि त्या वेळी चिमणीत कार्बन डायऑक्साइड ६ टक्के होता. दुरुस्त आकडा १६० × १२ ÷ ६ = ३२०. तोच १६० जर १० टक्क्यांवर मोजला असता तर १९२ झाला असता. मधे कुठेतरी बाहेरची हवा घुसली की मोजलेली राख आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली येतात, म्हणून दुरुस्त आकडा तेवढाच राहतो. सॅम्पलिंगच्या दिवशी डक्टचं (धुराच्या नळाचं) दार किलकिलं ठेवून धूर पातळ करायची युक्ती काही ठिकाणी अजून चालते. ती करणाऱ्याने हा गुणाकार एकदा कागदावर मांडून बघावा.

चौथी गोष्ट, लोड आणि पोर्ट. सॅम्पल घेताना बॉयलर किती टनांवर होता हे रिपोर्टमध्ये असलंच पाहिजे. सॅम्पलिंग पोर्ट (नमुना घ्यायचं चिमणीवरचं तोंड) हा शेवटच्या वळणापासून चिमणीच्या आठ व्यासांइतका वर आणि चिमणीच्या तोंडापासून दोन व्यास खाली हवा. ५५० मिलिमीटरच्या चिमणीला म्हणजे वळणापासून ४.४ मीटर वर. त्याच्या आत असेल तर प्रवाह घुसळलेला असतो, मोजमापाचे बिंदू वाढवावे लागतात. आयसोकायनेटिक टक्केवारी (नमुना ओढण्याचा वेग चिमणीतल्या धुराच्या वेगाशी किती जुळला ती) ९० ते ११० च्या बाहेर असेल तर लॅबला तो रिपोर्ट परत दाखवा, भांडायला तुमच्याकडे आधार आहे.

दुसरी: डीपी गेज खरं बोलतंय का

गेजच्या दोन्ही नळ्या गेजपासून काढा. काटा शून्यावर आला पाहिजे. नाही आला तर गेजचा स्क्रू फिरवून शून्य करा. मग नळ्या गेजला न जोडता फिल्टरच्या दिशेने फुंकून साफ करा. गेजच्या दिशेने फुंकलं तर गेज कायमचं गेलं. पावसाळ्यात या नळ्यांमध्ये पाणी साचतं आणि खालच्या बाजूच्या नळीत राखेचा चिखल होतो. तेव्हा काटा एकाच आकड्यावर मेल्यासारखा पडून राहतो आणि लॉगबुकमध्ये आठवडाभर "११०, ११०, ११०" लिहिलेलं असतं. अशी सरळ रेघ दिसली की मी गेज उघडतो, फिल्टरकडे नंतर बघतो.

तिसरी: कॉम्प्रेस्ड एअर

गोव्यातल्या पावसाळी बिघाडांचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडलं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. पाच एचपीच्या आसपासचा कॉम्प्रेसर तासाला ३० घनमीटर हवा ओढतो असं धरू. पाणी झालं ३० × २६ = ७८० ग्रॅम. हीच हवा ६ किलो दाबाला दाबली की तिचं आकारमान सातव्या हिश्श्याइतकं, सुमारे ४.३ घनमीटर होतं. ३० अंशाला एक घनमीटर हवा ३० ग्रॅमच पाणी धरू शकते, म्हणजे ४.३ मध्ये १३० ग्रॅम. उरलेलं ६५० ग्रॅम पाणी रिसीव्हरमध्ये (हवेच्या टाकीत) पडतं. दर तासाला. आठ तासांच्या पाळीत पाच लिटर.

हे पाणी ड्रेन केलं नाही तर ते हेडरमधून (ठोक्यांना हवा पुरवणाऱ्या पाइपातून) डायाफ्रामपर्यंत (ठोका सोडणाऱ्या झडपेच्या पडद्यापर्यंत) जातं आणि प्रत्येक पल्सबरोबर बॅगेच्या आत फवारलं जातं. बॅगेला बाहेरून राख, आतून पाणी. राखेत चुना आणि पोटॅश असतो, तो भिजून कडक पापुद्रा बनतो. मग तुम्ही कितीही पल्सिंग करा, तो हलत नाही.

करायचं काय: रिसीव्हरचा खालचा ड्रेन कॉक प्रत्येक पाळीत दोनदा उघडा, पाणी संपून कोरी हवा येईपर्यंत. ऑटो ड्रेन असेल तर तो चालतो का ते हाताने बटण दाबून बघा, गंजून बसलेले पुष्कळ सापडतात. हेडरच्या टोकालाही एक ड्रेन हवा, नसेल तर बसवून घ्या. त्यानंतर फिल्टर-रेग्युलेटरची वाटी बघा. ज्यांना परवडतं त्यांनी रेफ्रिजरेटेड ड्रायर लावावा. बॅगांच्या एका सेटपेक्षा तो बऱ्याचदा स्वस्त पडतो.

दाब ५ ते ६ किलो ठेवा. चोकअप झालं म्हणून ८ किलोवर नेऊन सतत ठोकत बसू नका. गाळणीचं खरं काम बॅगेवर बसलेला राखेचा पातळ थरच करतो. तो पूर्ण झडला की डीपी छान खाली येतो आणि बारीक धूळ मात्र कापडातून आरपार जाते. डीपी ४० आणि चिमणी करडी, असं झालं की आधी मी टायमर कार्डवरची (ठोक्यांची वेळ ठरवणाऱ्या सर्किटवरची) वेळ बघतो.

चौथी: पल्सिंग कानाने ऐका

समजा ९६ बॅगा आहेत, आठ-आठच्या बारा रांगा, बारा सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या झडपा). फिल्टरजवळ उभे राहा आणि एक पूर्ण फेरा ऐका. प्रत्येक ठोका "ठप्प" असा कोरडा आणि छोटा हवा. "फुस्स" असा लांबला तर त्या रांगेचा डायाफ्राम फाटला आहे किंवा सीटवर गंजाचा कण अडकला आहे. ठोकाच नाही आला तर कॉइल किंवा टायमर कार्डचा तो चॅनेल गेला. कॉइल बघायला साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो: टोक कॉइलच्या डोक्याजवळ धरा, ठोक्याच्या वेळी ते ओढलं गेलं पाहिजे.

हेडरचं गेजही बघा. प्रत्येक ठोक्याला काटा थोडा खाली येऊन पुढच्या ठोक्याआधी परत वर गेला पाहिजे. परत जात नसेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा दोन ठोक्यांमधला वेळ फार कमी ठेवला आहे.

दोन रांगा बंद असतील तर काय होतं? ९६ पैकी १६ बॅगा झाडल्याच जात नाहीत, त्या चोक होतात, आणि सगळी हवा उरलेल्या ८० वर पडते. त्या लवकर झिजतात. डायाफ्राम किट स्वस्त असतं. एक जास्तीचा संच आणि दोन कॉइल बॉयलर हाऊसमध्ये ठेवा, कारण हा बिघाड पावसाच्या रात्रीच होतो आणि फोंड्यातलं दुकान त्या वेळी बंद असतं.

पाचवी: हॉपर आणि रोटरी एअरलॉक

हॉपरच्या पत्र्यावर रबरी हातोड्याने वरून खाली ठोकत या. पोकळ आवाज जिथे बद्द होतो तिथपर्यंत राख भरली आहे. राख बॅगांच्या तळाला टेकली असेल तर आत येणारा धूर तीच राख पुन्हा पुन्हा उडवतो आणि बॅगा खालून घासल्या जाऊन फाटतात. हॉपर हा साठवणीचा डबा नव्हे, राख तिथून सतत खाली पडत राहिली पाहिजे.

हवा आत न घेता राख खाली सोडणाऱ्या फिरत्या झडपेचा, म्हणजे एअरलॉकचा, शाफ्ट फिरतोय का ते डोळ्यांनी बघा. मोटर फिरत असते आणि चेन तुटलेली असते, असं होतं.

चवथीचं वेगळं सांगतो. चार-पाच दिवस प्लांट बंद, हॉपरमध्ये राख तशीच, बाहेर धो धो पाऊस. लाकडाची राख हवेतलं पाणी शोषते आणि गच्च बसते. प्लांट चालू केल्यावर एअरलॉक जाम, आणि दुसऱ्या दिवशी डीपी २५०. यावर उपाय सुट्टीच्या आधीच करावा लागतो: बॉयलर बंद केल्यावर फॅन आणि पल्सिंग अर्धा तास चालू ठेवा, हॉपर पूर्ण रिकामा करा, मग सगळं बंद करा. चालू करताना बॉयलर तापेपर्यंत बायपास (फिल्टर टाळून धूर सोडायची वाट) वापरायची सोय कन्सेंटमध्ये नसेल तर कोरड्या लाकडाने हळूहळू तापवा, ओल्या ब्रिकेटने सुरुवात नको.

महत्त्वाचं: हॉपरचा पत्रा एखाद्या जागी हात लावता येणार नाही इतका गरम असेल, किंवा रंग करपलेला दिसत असेल, तर आत निखारे धुमसत आहेत. दार उघडू नका, पाणी मारू नका. हवा मिळाली की भडका उडतो. फॅन बंद, पल्सिंग बंद, माणसं लांब, आणि अग्निशमन दलाला फोन.

सहावी: बाहेरची हवा कुठून घुसते

फॅन चालू असताना फिल्टरच्या आत दाब बाहेरपेक्षा कमी असतो, त्यामुळे प्रत्येक फट हवा आत ओढते. पेटती उदबत्ती घेऊन दारांच्या कडा, फ्लँज, एअरलॉकचं तोंड, सायक्लोनचा तळ अशी फिरवा. धुराची रेघ जिथे आत वळते तिथे गळती. एस्बेस्टॉसची जुनी दोरी असेल तर ती हाताने काढू नका. नवीन जागी सिलिकॉन किंवा सिरॅमिक दोरी घाला.

किती हवा घुसते याचा हिशेब दोन थर्मामीटरवर होतो. बॉयलरच्या बाहेर धूर १६० अंश, फिल्टरनंतर १२०, बाहेरची हवा ३०. घुसलेली हवा = (१६० − १२०) ÷ (१२० − ३०) = ०.४४. म्हणजे मूळ धुराच्या ४४ टक्के जास्तीची हवा. पत्र्यातून जाणारी उष्णता यात धरलेली नाही, त्यामुळे खरा आकडा याहून कमी असतो. पक्का आकडा हवा असेल तर फ्ल्यू गॅस अॅनालायझर लावा: बॉयलरनंतर कार्बन डायऑक्साइड १२ टक्के आणि चिमणीत ८, तर १२ ÷ ८ = १.५, पन्नास टक्के गळती.

ही गळती दोन बाजूंनी मारते. आयडी फॅन भरून जातो, मग बॉयलरला ड्राफ्ट (हवेची ओढ) मिळत नाही. आणि धूर थंड होतो. धुरात १० टक्के पाण्याची वाफ असेल तर तिचा दवबिंदू सुमारे ४६ अंश. ओल्या ब्रिकेटने तीच वाफ १८ टक्क्यांवर गेली तर ५८. फिल्टरमध्ये सरासरी ११० दिसत असेल, तरी दाराच्या फटीजवळ, जिथे पावसाची गार हवा थेट आत येते, तिथला पत्रा त्याच्या खाली जातो. दार उघडल्यावर कडेच्या बॅगांवर काळपट, ओलसर गोळे आणि मधल्या बॅगा कोरड्या, असं दिसलं की दुसरं कारण शोधायची गरज नाही.

सातवी: इंधन

एक ब्रिकेट हातात घेऊन मोडा. कोरडी असेल तर कट्कन तुटते. फुगलेली, बोटाने भुगा होणारी ब्रिकेट ओली आहे. तिच्यातलं पाणी उडवायला उष्णता खर्ची पडते, भट्टी गार होते, अर्धवट जळलेले कण मागे जातात. ताडपत्री वरून घालता तशी खालूनही लाकडी फळ्यांवर थप्पी ठेवा. जमिनीची ओल वरच्या पावसाइतकीच वाईट.

काजूची टरफलं आपल्याकडे स्वस्तात मिळतात म्हणून भट्टीत जातात. तेल न काढलेल्या टरफलात झोंबरं, चिकट तेल असतं. भट्टी पुरेशी तापलेली नसली तर ते न जळता धुरातून बॅगेवर जाऊन बसतं आणि डांबरासारखं चिकटतं. अशी बॅग झाडून किंवा धुऊन परत येत नाही. या एका बाबतीत नवीन सेट लागतोच. तेल काढलेली पेंड त्यामानाने बरी, पण जे इंधन कन्सेंटमध्ये लिहिलेलं आहे त्याव्यतिरिक्त काही जाळायचं तर आधी मंडळाला विचारा. एक लक्षात असू द्या: बॅग फिल्टर राख पकडतो. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, कार्बन मोनॉक्साइड हे वायू त्यातून सरळ निघून जातात. रिपोर्टमध्ये ते वाढले तर इंधन आणि ज्वलन सुधारा, बॅगांना हात लावू नका.

आठवी: फाटलेली बॅग शोधणं

इतकं करूनही चिमणी करडी असेल तर आता बॅगा.

एका भोकाची किंमत काढून दाखवतो, कारण "९६ पैकी एक फाटली तर काय बिघडलं" असं मला नेहमी विचारतात. भोक ५० मिलिमीटर व्यासाचं, डीपी १२० मिलिमीटर. १४० अंशाच्या धुराची घनता साधारण ०.८५ किलो प्रति घनमीटर. भोकातून धुराचा वेग सेकंदाला तीसेक मीटर निघतो आणि तासाला सुमारे २२० घनमीटर धूर न गाळता पलीकडे जातो. सायक्लोननंतर धुरात घनमीटरला ३ ग्रॅम राख धरली तर ६६० ग्रॅम राख दर तासाला. एकूण धूर तासाला ९००० घनमीटर असेल, तर तो २५ अंशावर आणून (२९८ ÷ ४१३) आणि १० टक्के वाफ वजा करून उरतात ५८४० नॉर्मल घनमीटर. ६६० ग्रॅम भागिले ५८४०, म्हणजे ११३ मिलिग्रॅम. दोन इंची एका भोकाने. मर्यादा १५० असेल तर तिचा तीन चतुर्थांश भाग तिथेच संपला, आणि १२ टक्क्यांची दुरुस्ती अजून बाकीच आहे.

वरून झाकणं उघडणारा फिल्टर असेल तर कोरड्या दिवशी, फॅन बंद करून, मेन स्विचला कुलूप लावून, कमरेला पट्टा बांधून झाकणं उघडा. ट्यूब शीट, म्हणजे बॅगा जिच्यात अडकतात ती पत्र्याची प्लेट, स्वच्छ असायला हवी. एखाद्या बॅगेच्या तोंडाभोवती राखेचा पंख्यासारखा पसरलेला पट्टा दिसला की तीच बॅग. पट्ट्याचं अरुंद टोक भोकाकडे असतं. सगळीकडेच राख पसरली असेल तर साफ करा आणि चमकणारी फ्लुरोसंट पावडर डक्टमधून सोडून, काही मिनिटं फॅन चालवून, बंद करून अतिनील टॉर्चने बघा.

फाटलेल्या बॅगेला त्या दिवशी झाकण लावून बंद केलं तरी काम चालतं. भोकाची जागा मात्र लिहून ठेवा. तळाला असेल तर हॉपर भरत होता. केजच्या (बॅगेच्या आतल्या तारांच्या सांगाड्याच्या) उभ्या तारांवर असेल तर केज गंजलं आहे, नवीन बॅग त्याच केजवर पुन्हा फाटेल. गोल, कडा करपलेली बारीक भोकं असतील तर ठिणग्या येत आहेत, म्हणजे सायक्लोनकडे बघा. कापड हाताने ओढल्यावर कागदासारखं फाटत असेल तर उष्णता आणि ओल यांनी ते कुजलं आहे. साधं पॉलिएस्टर १३० अंशाच्या पुढे टिकत नाही आणि गरम वाफेत त्याहून आधीच मरतं. विक्रेत्याने १४० अंशाच्या धुराला पॉलिएस्टर दिलं असेल तर सेट बदलून उपयोग नाही, कापड बदला.

नववी: फिल्टर मुळात पुरेसा आहे का

बॉयलर दोनाचा तीन टन झाला, फॅनची मोटर मोठी झाली, फिल्टर मात्र तोच राहिला, हे खूप ठिकाणी घडलं आहे. हिशेब सोपा. १५० मिलिमीटर व्यास आणि ३ मीटर लांबीच्या बॅगेचं कापड ३.१४ × ०.१५ × ३ = १.४१ चौरस मीटर. ९६ बॅगांचं १३६. चिमणीत धुराचा वेग सेकंदाला १०.५ मीटर आणि व्यास ५५० मिलिमीटर असेल तर प्रवाह तासाला साधारण ९०००, म्हणजे मिनिटाला १५० घनमीटर. कापडातून धूर जाण्याचा वेग १५० ÷ १३६ = १.१ मीटर प्रति मिनिट. हे ठीक आहे. ब्रिकेटच्या राखेला मी १ ते १.२ च्या वर जाऊ देत नाही. डॅम्पर (धुराचा प्रवाह आवरणारी झडप) पूर्ण उघडून किंवा गळतीमुळे प्रवाह १४००० वर गेला तर हाच आकडा १.७ होतो, आणि मग राख कापडात खोल घुसते. गळती बंद करून, डॅम्पर आवरूनही १.५ च्या खाली येत नसेल तर फिल्टर लहान आहे. तिथे बॅगा बदलणं म्हणजे पैसे चिमणीत टाकणं.

कुठे थांबायचं

फिल्टरच्या आत माणूस उतरवायची वेळ आली की थांबा. आत ऑक्सिजन कमी आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. गॅस मीटर, बाहेर उभा माणूस, परवाना हे सगळं ज्यांच्याकडे आहे तेच आत जातील. हॉपरमध्ये आग, वर लिहिलं तसं, अग्निशमन दलाकडे. बॉयलरच्या दाबाच्या भागाला, सेफ्टी व्हॉल्व्हला स्पर्श नको, ते बॉयलर निरीक्षकाच्या कक्षेतलं काम. गंजलेल्या चिमणीच्या शिडीवर सॅम्पलिंगसाठी लॅबचा पोरगा चढत असेल तर त्यालाही थांबवा. फॅन थरथरत असेल तर ब्लेडवरची राख खरवडून काम भागवू नका, बॅलन्सिंगवाल्याला बोलवा. आणि नववी तपासणी नापास झाली तर डिझाइनवाला लागतो, दुरुस्तीवाला नाही.

नवीन सेट घातलाच तर लगेच सॅम्पलिंग लावू नका. चुन्याच्या बारीक पावडरीचा प्री-कोट द्या, थर बसायला आठवडाभर चालू द्या, मग लॅबला बोलवा.

फिल्टर अचानक बंद पडून चिमणीतून मर्यादेबाहेर राख जात असेल तर वायू कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते मंडळाला कळवणं ही जबाबदारी प्लांट चालवणाऱ्याची आहे. शेजारच्यांनी पंचायतीत अर्ज दिल्यावर मंडळाच्या साळगावच्या कार्यालयातून माणसं येण्यापेक्षा तुमचं पत्र आधी गेलेलं बरं. त्यात तारीख, वेळ, काय बिघडलं, बॉयलर कधी बंद केला आणि दुरुस्ती कधीपर्यंत होईल एवढं लिहा, डीपीच्या लॉगबुकची प्रत जोडा आणि पोच घ्या.